मोपा ते लंडन: विमानाचं अंतर स्वतः कसं काढायचं

कुडाळहून नोकरीसाठी लंडनला निघताय, गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईमार्गे जावं की दुबईमार्गे, आणि अंतराचे आकडे जागोजागी वेगळे का, असं तुम्ही विचारलंत. अंतर स्वतःच काढा, मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

अक्षांश-रेखांश शहराचे नकोत, विमानतळाचे घ्या. गोव्यातच दोन आहेत: मोपा (तिकिटावरचा कोड जीओएक्स) आणि दाबोळी (कोड जीओआय), दोघांत सरळ रेषेत जवळपास 40 किमी. आता मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, लंडनचं हीथ्रो विमानतळ 51.48 उत्तर, 0.46 पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (73.33) कोसाइन, या तिघांचा गुणाकार. दोन्ही गुणाकारांची बेरीज 0.4247. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) 64.87 अंश. एका अंशाला 111.2 किमी धरले की झाले 7,213 किमी.

चुका ठरलेल्या आहेत. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिला तर उत्तर भलतंच येतं. 19 अंश 5 मिनिटं म्हणजे 19.05 नव्हे, 19.083, मिनिटांना 60 ने भागायचं. आणि पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह हवंच. लंडनला ते विसरलात तर साठेक किलोमीटरच चुकतील, पण टोरांटोला विसरलात तर विमानतळ थेट कझाकस्तानात जाऊन पडेल. आकडे वेगळे दिसतात ते बहुतेक एककामुळे: हेच अंतर 4,482 मैल आहे आणि 3,895 नॉटिकल (सागरी) मैलही.

आता तुमचे मार्ग. मोपा-लंडन थेट 7,565 किमी. मुंबईमार्गे साधारण 7,600, दुबईमार्गे 7,690. मुंबई जवळजवळ वाटेवरच आहे, आणि दुबईचा फेरासुद्धा मुंबईपेक्षा 90 किमीच जास्त, म्हणजे हवेतली सहा-सात मिनिटं. तेव्हा किलोमीटर बघून मार्ग निवडू नका. मधला थांबा किती तासांचा आणि पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे का, हे बघा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि मोपाचं विमान उशिरा आलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

अंतराला ताशी 900 ने भागून वेळही काढू नका. मुंबई-लंडनचे आठ तास येतील, वेळापत्रकात मात्र साडेनऊ-दहा असतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, उतरण्याआधीच्या घिरट्या, पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा, आणि बंद हवाई हद्द टाळून घेतलेला वळसा, सगळं त्यात धरलेलं असतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा विमानतळ जागचे हलले नाहीत, पण उड्डाणाचे मार्ग लांबले.

कुडाळहून रेल्वेने मुंबई गाठून तिथून विमान पकडणार असाल, तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. त्या दिवसांत गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि सुटायच्या वेळाही बदलतात. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा.