कॉलेज साखळीचं की पणजीचं?

बोर्डाची परीक्षा संपली की माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच असतं, "टीचर, कॉलेज चुकलं तर?" गोव्यातल्या वाळपईहून आईसोबत आलेली एक मुलगीही तेच घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) केमिस्ट्री घ्यायची हे ठरलेलं. अडलं होतं ते साखळीचं सरकारी कॉलेज की पणजीतलं एक जुनं, यावर.

"साखळी जवळ पडते हो," आई म्हणाली, "पण लोक म्हणतात, नाव पणजीच्या कॉलेजला आहे."

लोकांचं हे म्हणणं मी दरवर्षी निस्तरते. ही दोन्ही कॉलेजं गोवा विद्यापीठाला संलग्न. पदवीवर नाव विद्यापीठाचं, अभ्यासक्रमही त्यांचाच. मडगावच्या चौगुलेसारख्या स्वायत्त कॉलेजची गोष्ट वेगळी, ते आपला अभ्यासक्रम स्वतः आखतं. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, श्रेणी जरूर बघा, पण ती अख्ख्या संस्थेला मिळते, तुमच्या विषयाच्या विभागाला नाही. आणि २०२३ पासून चार वर्षांची पदवी आली, तेव्हापासून मी आणखी एक विचारायला लावते: चौथं, ऑनर्सचं वर्ष तुझ्या विषयात तिथंच होतं का?

मग मी तक्ता काढला. अंतर, फी, विषय, लायब्ररी. तिनं दोन्ही कॉलेजांना सारखेच गुण दिले. तक्त्यांचा मला सोस आहे, कबूल. त्यातून निर्णय निघालेला क्वचितच पाहिलाय.

शेवटी तिला वही दिली. म्हटलं, दोन्हीकडे जाऊन ये, पण कॉलेज चालू असताना आणि वर्गाच्या वेळेला पोचशील अशा बसने. गेट बघून परतू नकोस. लॅबच्या दारात उभी राहा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार, प्रॅक्टिकलला एका ब्युरेटमागे, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीमागे, किती जण असतात?

आठ दिवसांनी वही आली. पणजीच्या पानावर: "५.५५ घर सोडलं. ६.१५ कदंब बस. डिचोलीपर्यंत उभी. परत घरी ५.१०. येताना झोप लागली, कंडक्टरने उठवलं." साखळीच्या पानावर चारच ओळी. शेवटची: "केमिस्ट्रीच्या मुलींनी आपणहून लॅब दाखवली. ब्युरेट एकेकीला एक."

मला वाटलं, झालं काम. "मग साखळी?"

"नाही टीचर. पणजीच."

आईला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगी वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "साखळीला गेले तर मी तीन वाजता घरी. म्हणजे सव्वातीनला दुकानात."

घरचं किराणा दुकान. बारावीचा अर्धाअधिक अभ्यास तिनं काउंटरवर, सुटे पैसे मोजत केला होता. या एका दुकानापासून लांब राहायला ती रोज तीन तास बसमध्ये काढायला तयार होती, आणि माझ्या तक्त्यात दुकानाचा रकानाच नव्हता.

"आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुम्ही."

मी आईला आत बोलावलं आणि गप्प बसले. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग मुलगीच बोलली, खाली बघून, एका दमात.

आई म्हणाली, "मला वाटायचं, तुला आवडतं गं दुकान."

त्यानंतर कॉलेजचा विषय पाच मिनिटांत संपला. साखळी. दुकानात फक्त रविवारी, तेही परीक्षा नसेल तर. आईनं हे तिच्याच वहीत लिहिलं आणि खाली सही केली. मला हसू आलं, पण त्या दोघी हसत नव्हत्या.