वाचक विचारतात : साखरेच्या कवट्या, चिकू आणि चुन्याची भाकरी

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. गेल्या नोव्हेंबरच्या आरंभी त्याचे जहाज मेक्सिकोतील मान्सानियो बंदरात लागले होते. तेथून त्याने पाठवलेल्या फोटोंत झेंडूने मढवलेली वेदी, तिच्यावर गेलेल्या माणसांच्या तसबिरी, साखरेच्या कवट्या आणि सांगाड्यासारखे तोंड रंगवून हसत फिरणाऱ्या मुली दिसतात. म्हाळाच्या पंधरवड्यात आम्ही नवे कापडही घरात आणत नाही. ही मृतांची थट्टा नव्हे काय? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : थट्टा आहे, पण ती मृतांची नाही. ‘मृतांचा दिवस’ या मेक्सिकन सणातील त्या साखरेच्या कवटीच्या कपाळावर पुष्कळदा नाव लिहिलेले असते आणि ते बहुधा जिवंत मित्राचे किंवा नातलगाचे असते. त्यालाच ती भेट म्हणून दिली जाते. याच दिवसांत जिवंत माणसांना, विशेषतः पुढाऱ्यांना, मेले असे कल्पून त्यांच्यावर विनोदी कविता रचण्याचीही रीत आहे. मुलींच्या रंगवलेल्या चेहऱ्यांमागे ‘कात्रीना’ आहे. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी, परदेशी फॅशनची पिसांची टोपी घालून मिरवणारी सांगाड्याची बाई कोरली, ती ऐटबाजांची टिंगल करण्यासाठी. हसू मृत्यूवर आणि आपल्यावर आहे. गेलेल्या माणसाच्या वाट्याला येते ते निखळ अगत्य.

हे अगत्य पाहायचे तर आपल्या मुलाच्या फोटोतील वेदीकडे पुन्हा बारकाईने पाहावे. तिला ‘ओफ्रेंदा’ म्हणतात. दूरचा प्रवास करून येणाऱ्याला तहान लागलेली असणार, म्हणून तीवर पाण्याचा पेला असतो. शेजारी मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूप, वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या लावून भाजलेला गोडसर पाव, आणि त्या माणसाला जे जे आवडत असे ते सारे, मग ती तिखट रश्शातील कोंबडी असो वा सिगारेट. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, कारण त्या रंगाने आणि वासाने आत्म्याला घर सापडते अशी समजूत आहे. १ नोव्हेंबर हा बालपणी गेलेल्यांचा आणि २ नोव्हेंबर हा मोठ्यांचा दिवस. अनेक गावांत कुटुंबे थडगी धुऊन, फुलांनी सजवून, रात्रभर तेथेच बसतात. कॅथलिक पंचांगातील दोन तिथी आणि मक्याच्या हंगामाच्या अखेरीस पूर्वज परततात ही स्थानिक श्रद्धा यांचा हा मेळ आहे. मेक्सिको शहरातील भव्य मिरवणूक मात्र जुनी नव्हे. २०१५ सालच्या एका जेम्स बाँडपटात तशी मिरवणूक दाखवली गेली आणि २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली.

‘म्हणजे त्यांचा म्हाळच’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. म्हाळात तिथी, गोत्र आणि पिढ्यांचा क्रम पाळावा लागतो. ओफ्रेंदावर शेजारणीची किंवा मित्राची तसबीरही चालते. आपल्याकडे कावळा पानाला शिवेपर्यंत जिवाला घोर असतो, तर मिचोआकान प्रांतात याच सुमारास उत्तरेकडून येणाऱ्या मोनार्क फुलपाखरांना परतलेले आत्मे मानतात आणि त्यांच्यापुढे पान मांडून वाट पाहावी लागत नाही. झेंडूचे म्हणाल, तर तो मुळात मेक्सिकोचाच. तेथील मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’ असा होतो, आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो युरोपीय जहाजे अमेरिकेस जाऊ लागल्यानंतरच आला.

प्रश्न : चिकू मूळचा मेक्सिकोचा, हे खरे का? आमच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. (एक बागायतदार, डहाणू)

उत्तर : दोन्ही खरे आहे. मानांकन मिळते ते विशिष्ट जागी पिकणाऱ्या मालाला. झाडाचे माहेर त्यात विचारले जात नाही. चिकूचे माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथले नाव ‘चिकोसापोते’. युकातानच्या रानात त्याच्या खोडावर नागमोडी खाचा पाडून चीक काढत, तो कढवून घट्ट करत, आणि च्युइंग गम पूर्वी त्यापासूनच होई. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात चालणाऱ्या स्पॅनिश जहाजांवरील फिलिपिनो खलाशांनी माडी काढण्याची कला मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर नेली. गुहागरच्या वाचकांचा मुलगा ज्या कोलिमा प्रांतात उतरला, तेथे ताजी माडी ‘तुबा’ या फिलिपिनी नावानेच रस्त्यावर विकली जाते, आणि वर शेंगदाणे घालून देतात.

प्रश्न : आमच्या होम स्टेमध्ये मेक्सिकन जोडपे आठ दिवस राहणार आहे. मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या करून दिल्या तर त्यांना घरच्यासारखे वाटेल का? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : हेतू चांगला आहे, पण तो तोर्तिया, म्हणजे तिकडची मक्याची भाकरी, होणार नाही. तिकडे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साले काढतात आणि ओलेच वाटतात. पूर्वी तीन पायांच्या दगडी पाट्यावर, आता बहुधा गिरणीत. या चुन्यामुळे पिठाला चिकटपणा आणि तो ओळखीचा वास येतोच, शिवाय मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला, चुना मागेच ठेवला, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग जडला. तेव्हा नक्कल करू नये. आपले घावणे आणि चटणी द्यावी. तिखटाची काळजी फारशी नको, मिरचीही त्यांच्याच देशाची आहे. त्यांचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते आणि रात्रीचे हलके, त्यामुळे रात्री आग्रहाने ताट भरू नये. पानावरून उठताना ते अजून जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ म्हणतील. त्याचा अर्थ ‘सावकाश होऊ द्या’ असा आहे; आणखी वाढण्याची ती मागणी नव्हे.