निसर्गचित्रं काढत जगता येतं का? बेळगावहून उत्तर

तुम्ही निपाणीचे, वय सत्तावीस, कोल्हापुरात नोकरी आणि रविवारी जलरंग. बाहेर बसून निसर्गचित्रं काढत आयुष्य काढता येतं का, प्रदर्शनांवर घर चालतं का आणि रोजची प्रेरणा कुठून आणायची, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावची. बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गेली दहा वर्षं पूर्ण वेळ चित्रंच काढते. अनुभवातलं तेवढं सांगते.

पैशाचं आधी सांगून टाकते. माझं घर नुसत्या चित्रांवर चालत नाही. संध्याकाळी घरी मुलांच्या दोन बॅच घेते, त्यातून महिन्याचा किराणा आणि लाइटबिल निघतं. चित्रं विकली जातात, पण पगारासारखी एक तारखेला नाही. अर्ध्या शीटचं, म्हणजे १५ बाय २२ इंचाचं जलरंगातलं चित्र मी सुरुवातीला पंधराशेला दिलं, आता आठ ते बारा हजारांना देते. त्यातले दीड-दोन हजार माउंट, फ्रेम आणि काचेचेच असतात. कधी दिवाळीच्या आसपास सात-आठ चित्रं जातात, कधी चार महिने एकही नाही. म्हणून नोकरी आज सोडू नका. आधी कामाचा साठा होऊ द्या. पन्नास चित्रं समोर मांडून त्यातली पंधरा तरी तुम्हाला स्वतःला पटली, की मग सोडायचा विचार करा.

पहिलं प्रदर्शन आपल्या गावात करावं, असं माझं ठाम मत आहे. माझं टिळकवाडीत, वरेरकर नाट्य संघाच्या कलादालनात झालं. त्या दालनाला के. बी. कुलकर्णी सरांचं नाव आहे. बेळगावात ब्रश हातात धरणाऱ्याला सरांचं नाव माहीत नाही असं होत नाही. सरांनी इथे राहून काम केलं आणि इथल्याच पोरांना घडवलं. १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. मोठं काम करायला मोठ्या शहरातच राहावं लागतं असं कुणी म्हटलं, की मी सरांचं नाव घेते.

बाहेरच्या प्रदर्शनांचं म्हणाल, तर बेंगळूरला दर जानेवारीत चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार भरतो. कुमारकृपा रस्त्यावर दोन्ही बाजूंनी चित्रकार बसतात आणि गिऱ्हाईक थेट तुमच्याशी बोलतं. मुंबईला बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, तिच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्र पाठवत राहा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. तिथे अर्ज केला की तारीख मिळायला वर्षं लागतात, म्हणून अर्ज लवकर करायचा आणि आपलं काम चालू ठेवायचं. एक मात्र लक्षात ठेवा. मी एकदा फ्रेम केलेली अठरा चित्रं ट्रान्सपोर्टने पाठवली होती. खोकी उघडली तर पाच काचा फुटलेल्या, आणि दोन चित्रांवर काचेचे ओरखडे. त्यातलं एक हिडकल धरणाच्या फुगवट्यावरचं होतं, तसं पुन्हा जमलं नाही. तेव्हापासून लांब जायचं तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट लावते.

आता बाहेरच्या कामाबद्दल. खरं तर मला याच्यावरच लिहायचं होतं.

आपला जिल्हा चित्रकारासाठी किती श्रीमंत आहे, हे इथल्या माणसाला सहसा जाणवत नाही. बेळगावहून जांबोटीमार्गे पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला गेलं की कणकुंबी. तिथे माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. जुलैत तिथे आभाळ झाडांच्या शेंड्यांवर टेकलेलं असतं, जांभ्याच्या भिंतींवर शेवाळ चढलेलं असतं. उलट पूर्वेला साधारण साठ किलोमीटरवर गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली पडते, आणि पावसाळ्यात ते पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. त्यापुढे ज्वारीची रानं, मोकळं आभाळ आणि लांबवर एखादं बाभळीचं झाड. एका दिवसात दोन्हीकडे जाऊन येता येतं, पण दोन्हीकडे हात वेगळा चालवावा लागतो. कणकुंबीत पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात, अर्धा तास वाळत नाही, त्यावर घाईने दुसरा रंग टाकला की चिखल झालाच म्हणायचा. तिथे मी ओल्यातच ओलं सोडते, डोंगर, धुकं आणि झाडी एका दमात, आणि कडा एखादीच ठेवते. गोकाककडे मार्चमध्ये ब्रश उचलेपर्यंत कागद कोरडा. तिथे पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकते, म्हणजे रंग जरा वेळ ओला राहतो. पावसाळ्यात कागदही सांभाळायला लागतो. बुरशी धरली की साईझिंग, म्हणजे कागद पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप, मरतं आणि आकाशाचा वॉश मारताना ठिपकेच ठिपके उठतात. माझा कागद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात असतो. भिंतीला टेकवून कधीच ठेवत नाही.

मातीचंही तसंच. बेळगावच्या पश्चिमेला उचगाव, बेकिनकेरेकडे रताळ्यांची तांबडी माती. लाइट रेडमध्ये थोडा यलो ऑकर घातला की ती येते, आणि सावलीत अल्ट्रामरीन. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात काळी माती, भाताची. ओली असताना तिच्यात आकाश दिसतं. तिला नुसता काळा रंग लावला तर ती डांबर वाटते. मी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन कागदावरच मिसळू देते, आणि मध्ये एखादी पट्टी कोरी सोडते. ते पाणी.

माझा दिवस असा असतो. पहाटे पाचला उठणं, सहापर्यंत स्कूटरवर. पुढे पाय ठेवायच्या जागी पाण्याचा पाच लिटरचा कॅन, पाठीवर बोर्ड, डिकीत घडीचं स्टूल. जागेवर पोचल्यावर लगेच रंग काढत नाही. दहा मिनिटं नुसती बसते, मग डोळे किलकिले करून बघते, म्हणजे बारीकसारीक सगळं जातं आणि फक्त उजळ, मधलं आणि गडद उरतं. पेन्सिलीने पोस्टकार्डाएवढं एक कच्चं रेखाटन करते आणि त्यात सावल्या कुठे आहेत ते पक्कं करते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. आठ वाजता उजवीकडे लांब पडलेली सावली दहाला आखडून बुडाशी आलेली असते. सुरुवातीला मी सावल्यांच्या मागे धावायची, म्हणून चित्रात झाडाची सावली आठची आणि घराची साडेनऊची असायची. आता पहिल्या दहा मिनिटांत ठरलेली सावली शेवटपर्यंत बदलत नाही. दीड-दोन तासांत काम संपवते. राहिलं तर घरी नेऊन पुरं करत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत जाते.

बाई एकटी शिवारात बसते म्हणून पहिली काही वर्षं घरी काळजी असायची. मलाही होती. मी देवळाजवळ, पाणंदीच्या तोंडाला, जिथे माणसांची ये-जा असते तिथे बसायची, अजूनही तसंच करते. गोकाककडे गेलं की बायका थांबतात, "एन माडाकत्तीरी अक्का?" (काय करताय अक्का?) विचारतात. मोडक्या कानडीत सांगते, त्या डोकं कलतं करून बघतात, आणि बहुतेक वेळा आपल्या डब्यातली भाकरी पुढे करतात. अशा ओळखी गॅलरीत होत नाहीत.

आता प्रेरणा. याबाबतीत माझं म्हणणं एकच आहे: जागा बदलत बसू नका. तरुणपणी मला वाटायचं, हिमाचलला जायला पाहिजे, कोकण बघायला पाहिजे. गेलेही. आणलेली चित्रं बरी होती, पण ती कुणीही काढली असती अशी होती. नव्या जागी डोळा दिपतो आणि आपण सगळ्यांना दिसतं तेच काढतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तोच तलाव, तीच झाडं, तोच काठ वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. तुम्ही रोज कोल्हापुरात जाता, तर त्यांची चित्रं जिथे बघायला मिळतील तिथे बघाच. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आहे, तिथेही एक दुपार घालवा. आणि मग निपाणीला परत येऊन तवंदी घाटात बसा. खाली दिसणारं रान, उन्हात वाळणारा तंबाखू, त्याचा तो तांब्यासारखा रंग. तो रंग तुमच्या डोळ्यात लहानपणापासून आहे, मला तो दहा दिवसांत जमायचा नाही.

माझी जागा येळ्ळूर शिवारात आहे. एक गाडीवाट, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्ये एक वाकडं जांभळीचं झाड आणि मागे राजहंसगड. अकरा वर्षं मी तिथे बसतेय. चिखलणी, रोप लावणी, कापणीनंतरची मळणी, मग त्याच ओलीवर पेरलेला मसूर, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन, सगळं झालंय. पहिल्या दोन वर्षांत मी झाडच काढत होते, कारण ते लक्ष वेधून घेतं. तिसऱ्या वर्षी झाडाखालची वाट दिसायला लागली. पुढे कधीतरी लक्षात आलं की सकाळी खाचरातलं पाणी आकाशापेक्षा एक छटा गडदच असतं, कितीही शांत असलं तरी. हे मी पुस्तकात वाचलं होतं, शाळेत पोरांना शिकवलंही होतं, पण दिसलं त्या दिवशी. कंटाळा येतो, नाही असं नाही. कंटाळा आला तरी जाते, निदान एक छोटं स्केच करून येते. त्या स्केचमध्ये कधी काही सापडतं, कधी नाही.

मागच्या प्रदर्शनात या जागेची नऊ चित्रं एका भिंतीवर लावली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्कर शेतकरी आले. टोपी, धोतर, हातात पिशवी, बहुधा बाजाराला आले असावेत. एका चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "हे भादव्यातलं नव्हं?" मी हो म्हटलं. ते चित्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं, पण खाली तारीख लिहिलेली नव्हती. "कसं ओळखलंत काका?"

"भात पोटरीला आलंय की," ते म्हणाले, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात होतं. "रंगावरनं कळतंय." मी त्या भातात सॅप ग्रीनवर पिवळ्याचा पातळ हात फिरवला होता, तो मलाही नीट सांगता आला नसता असा होता.

मग त्यांनी काचेजवळ बोट नेलं. "पण बाई, पाणी चुकलंय. वाटेच्या दोन्ही अंगाला सारखंच दाखवलंय तुम्ही. इथं खाली मोरी हाय. वरलं पाणी तिथनं खाली जातंय, खालच्या खाचरात कमी असतंय. माझ्या मेव्हण्याचं रान हाय ते."

पुढच्या रविवारी पहाटे गेले. स्टूल न मांडता सरळ वाटेवर गेले आणि जांभळीच्या मुळाशी वाढलेलं गवत हाताने बाजूला केलं. सिमेंटची नळी होती, अर्धी मातीत गाडलेली, तोंडाशी केसांसारखं हिरवं शेवाळ, आणि त्यातून पाणी बोटभर धारेनं खाली पडत होतं. तो बुडबुड आवाज मी अकरा वर्षं ऐकत होते. मला वाटायचं, लांबच्या नाल्याचा आहे. माझी बसायची जागा तिथून वीस पावलांवर होती. स्टूल त्या दिवशी मोरीपाशी नेलं.