वाचकांचे प्रश्न : मोटरचा हिसका आणि भाषेवरचा आळ

प्रश्न : प्रयोगशाळेतील डीसी मोटरची स्थिती नियंत्रित करण्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पीआयडी लूप (लक्ष्यस्थितीपासूनची त्रुटी, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवरून मोटरला किती जोर द्यायचा हे पुन्हा पुन्हा ठरवणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. तो दर ५ मिलिसेकंदांनी चालावा अशी अपेक्षा असून एका फेरीचे काम सरासरी २ मिलिसेकंदांत आटोपते. तरीही मोटरला अधूनमधून हिसका बसतो. उच्चस्तरीय (यंत्राच्या तपशिलांपासून दूर असलेल्या) भाषा रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या मुदतीतच व्हायला हव्या अशा, कामाला चालतच नाहीत, सगळे सी भाषेत पुन्हा लिहा, असे सहकारी म्हणतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : सगळे पुन्हा लिहिण्याची घाई करू नये. आपण सरासरी वेळ कळवली आहे. सर्वांत लांबलेली फेरी किती वेळाची होती हे कळवलेले नाही, आणि हिसक्याचे मूळ बहुधा तिथेच सापडेल. रिअल-टाइम नियंत्रणात वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न मुदत पाळण्याचा असतो.

समजा, एखादी फेरी ५ ऐवजी १२ मिलिसेकंदांनी सुरू झाली. तेवढ्या अवधीत शाफ्ट नेहमीच्या २.४ पट फिरलेला असतो, परंतु प्रोग्रॅम त्रुटीतील फरकाला ठरलेल्या ५ मिलिसेकंदांनीच भागतो. त्यामुळे मोटर एकाएकी २.४ पट वेगाने धावू लागली आहे असा डेरिव्हेटिव्ह पदाचा (त्रुटी किती वेगाने बदलते हे पाहणाऱ्या भागाचा) समज होतो आणि ते त्याच प्रमाणात उलटा जोर लावते. पुढच्या फेरीत चूक उमगते, तोवर हिसका बसून गेलेला असतो.

उशिराची कारणे अनेक असू शकतात. पायथनमध्ये बहुतेक ऑब्जेक्टची मेमरी शेवटचा संदर्भ सुटताच मोकळी होते. मात्र एकमेकांकडे बोट दाखवत अडकून राहिलेले ऑब्जेक्ट शोधणारा गार्बेज कलेक्टर मधूनच चालतो आणि तेवढा वेळ आपला लूप थांबतो. दुसरे कारण ऑपरेटिंग सिस्टीम : साध्या डेस्कटॉपवर प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे कधी वळेल याची हमी नसते. तिसरे कारण मात्र निव्वळ लिहिण्यातले आहे आणि ते फार वेळा आढळते. काम संपल्यावर ५ मिलिसेकंदांचा स्लीप (थांबण्याची आज्ञा) दिला असेल, तर फेरी ५ नव्हे, सरासरी किमान ७ मिलिसेकंदांची होते. पुढची फेरी केव्हा सुरू व्हावी ती निश्चित वेळ आधी काढून त्या वेळेपर्यंतच थांबावे, म्हणजे चूक साठत जात नाही.

प्रथम प्रत्येक फेरीच्या प्रारंभाची वेळ मोनोटॉनिक (कधीही मागे न जाणाऱ्या) घड्याळाने नोंदवावी. ही नोंद आधी राखून ठेवलेल्या अ‍ॅरेमध्ये करावी, लूपमध्ये फाइलवर लिहू नये. नाहीतर मोजणीच उशीर घडवेल. डेरिव्हेटिव्ह काढताना प्रत्यक्ष गेलेल्या वेळेने भागावे, लूप चालू असताना कलेक्टर बंद ठेवावा आणि प्रोसेसला रिअल-टाइम प्राधान्य द्यावे. लिनक्स वापरत असल्यास प्रीएम्प्ट-आरटी हा तातडीच्या कामाला लवकर वाट देणारा पर्याय २०२४ मधील ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) आला आहे. एवढ्यावर मोटर शांत होण्याची बरीच शक्यता आहे, पण ही हमी नव्हे. मोटर अडखळल्याने कोणाला इजा होणार असेल, किंवा मोटरचा विद्युतप्रवाह नियंत्रित करणारा लूपही आपल्यालाच चालवायचा असेल, जो सामान्यतः सेकंदाला १० ते २० हजार वेळा चालतो, तर एन्कोडर (शाफ्टची स्थिती मोजणारे साधन) वाचणे आणि पीआयडी ही दोन कामे सरळ मायक्रोकंट्रोलरकडे (एका कामाला वाहिलेल्या छोट्या संगणक-चिपकडे) सोपवावीत. तेवढा भाग सीमध्ये छोटाच होतो. लक्ष्यस्थिती ठरवणे, नोंदी ठेवणे, आलेख काढणे ही कामे पायथनकडे खुशाल राहू द्यावीत.

सहकाऱ्यांचे विधान मात्र सरसकट मान्य करता येणार नाही. कारखान्यांतील पीएलसींसाठीच्या (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकांसाठीच्या) भाषांचे आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ मध्ये आले. त्यातील स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही दिसायला पास्कल या भाषेसारखी, उच्चस्तरीय भाषा आहे. अ‍ॅडा या भाषेत समांतर टास्क (एकाच वेळी चालणारी कामे) भाषेचाच भाग आहेत. रस्ट या भाषेला गार्बेज कलेक्टर नाही, म्हणून त्याच्यामुळे होणारा उशीरही नाही. उलट सी वापरल्याने मुदत आपोआप पाळली जाते असेही नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता, कारण कमी प्राधान्याच्या टास्कने धरून ठेवलेल्या कुलपामुळे (सामायिक साधन एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या व्यवस्थेमुळे) जास्त प्राधान्याचा टास्क अडकत होता आणि मधल्या प्राधान्याची कामे त्या कुलूपधारकाला पुढे सरकू देत नव्हती. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स (अडकलेल्या टास्कचे प्राधान्य कुलूपधारकाला तात्पुरते देणे) सुरू केल्यावर हा दोष गेला.

प्रश्न : एरियन ५ रॉकेट अ‍ॅडामधील चुकीमुळे फुटले असे वाचले. मग अ‍ॅडा सुरक्षित कशी?

उत्तर : ४ जून १९९६ रोजी, उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत ते रॉकेट नष्ट झाले. ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकही मावणाऱ्या) संख्येचे १६ बिटांच्या चिन्हयुक्त (धन किंवा ऋण) पूर्णांकात रूपांतर करताना संख्या मावली नाही. हे सॉफ्टवेअर एरियन ४ वरून घेतलेले होते. त्या रॉकेटच्या मार्गावर ही संख्या एवढी मोठी होत नसे, आणि प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी काही रूपांतरांना संरक्षण दिलेले नव्हते. भाषेने चूक पकडून एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) दिले. मात्र एक्सेप्शन आल्यास ही गणना करणारा संगणक बंद करायचा, असा रचनेचाच निर्णय होता, आणि राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही त्याच कारणाने बंद पडला. ज्या गणनेत हे घडले, तिची एरियन ५ ला उड्डाणानंतर गरजही नव्हती.