गुणसूत्रे कळतात, रेणूंपाशी अडते

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा विषय बदलण्याचा अर्ज तिने लिहूनच आणला होता. "मॅडम, गुणसूत्रांपर्यंत सगळं कळतं, पण रेणवीय भाग सुरू झाला की आधी शिकलेलंही खोटं वाटायला लागतं," असे ती म्हणाली. अनुवंशशास्त्राचे विद्यार्थी ही तक्रार वरचेवर घेऊन येतात, म्हणून मी आधी त्यांची वही पाहते.

मायोसिसच्या, म्हणजे जननपेशी घडवणाऱ्या पेशीविभाजनाच्या, तिच्या आकृत्या रेखीव होत्या. सिकलसेल या रक्ताच्या अनुवंशिक आजाराच्या पानावर मात्र 'अप्रभावी' (जोडीतल्या दुसऱ्या जनुकामागे दडणारे) आणि 'सहप्रभावी' (जोडीतली दोन्ही जनुके दिसणारी) असे दोन्ही शब्द लिहून खोडलेले होते. दोन पुस्तकांनी दोन उत्तरे दिली होती आणि आपलीच बुद्धी कमी पडते, असे तिने ठरवून टाकले होते.

ती मूळची नंदुरबार जिल्ह्यातली. या आजाराची वाहक, म्हणजे जोडीतले एकच जनुक बदललेली, माणसे धडधाकट असतात, हे तिने गावात पाहिलेले होते. म्हणजे आजार अप्रभावी, हे बरोबरच. मग आम्ही तेच एक जनुक धरून खाली उतरलो. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील बीटा-ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीच्या, जनुकात 'जीएजी' या डीएनएच्या तीन अक्षरांच्या जागी 'जीटीजी' येते, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल बसते, आणि एक ऋण प्रभार कमी झाल्याने इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करताना, हे हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे सावकाश सरकते. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे उमटतात, एक नेहमीच्या आणि एक बदललेल्या हिमोग्लोबिनचा. मी कागदावर ते काढले आणि विचारले, "यातलं कोणतं जनुक दडून बसलंय?" ती बराच वेळ त्या दोन रेघांकडे पाहत राहिली.

१९४९ साली अनुवंशशास्त्रज्ञ नील यांनी या आजाराची अनुवंशिकता मांडली, त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनमधला फरक दाखवला आणि १९५७ मध्ये इन्ग्रॅम यांनी बदललेले अमिनो आम्ल ओळखले. शोध असे एकमेकांत गुंतलेले असताना अभ्यासक्रम त्यांचे वेगवेगळे पेपर करतो, आणि माझ्या मते मुले तिथेच अडखळतात. म्हणून प्रत्येक प्रकरण स्वतंत्र पाठ करण्यापेक्षा एक ओळखीचे जनुक निवडून ते गुणसूत्रापासून प्रथिनापर्यंत स्वतः लिहून काढावे, असे मी सुचवते. यात वेळ जातो, आणि सुरुवातीला पाने कमी उलटली जातात.

तिचा अर्ज अजून वहीतच आहे. मागच्या भेटीत तिने विचारले, "बीटा थॅलेसेमियाही याच जनुकाचा, मग तो वेगळा आजार कसा?" तिथे साखळीची घडण नव्हे, तर तिचे प्रमाण घटते, एवढेच मी सांगितले, पुढचे ती लिहून आणणार आहे.