डोंगरात न्यायची स्लेड: पोलारिस, स्की-डू की आर्क्टिक कॅट? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात कॅनडातल्या हिवाळ्यावर लिहिताना स्नोमोबाईलचा, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा (ट्रॅक) असलेल्या बर्फावरच्या गाडीचा, ओझरता उल्लेख केला होता, त्यावर एवढी पत्रं आलीत की हा महिना सगळा त्यांनाच देतोय. इकडे कोणी स्नोमोबाईल म्हणत नाही, स्लेडच म्हणतात, म्हणून मीपण तेच लिहितो.

प्रश्न : दादा, आम्ही कॅलगरीला असतो, मूळचे सांगलीचे. ऑफिसातली पोरं दर शनिवारी ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक नाहीतर गोल्डनला स्लेड घेऊन जातात, त्यांच्याबरोबर दोन सीझन भाड्याच्या स्लेडवर काढले, आता स्वतःची घ्यायचीय. निम्मे म्हणतात पोलारिस घे, निम्मे म्हणतात स्की-डूशिवाय बघूच नको. पॉवर, वजन आणि टिकाऊपणा तिन्ही धरून कुठली घेऊ? माझं वजन 68 किलो, उंची साडेपाच फूट.

उत्तर : स्वतःचं वजन आणि उंची लिहिलीत हे फार चांगलं केलंत, कारण बाकी सगळ्यांनी फक्त हॉर्सपॉवर विचारलीय आणि डोंगरात खरा प्रश्न हा असतो की स्लेड रुतली तर तुम्ही एकट्याने ती बाहेर काढू शकता का.

आधी पॉवर. तुमच्या यादीतल्या दोन्ही कंपन्यांची मुख्य मशिनं टू-स्ट्रोक, 850 सीसीच्या घरातली. स्की-डूच्या समिट या डोंगरी मॉडेलमध्ये ऑस्ट्रियातलं रोटॅक्सचं 850 ई-टेक इंजिन असतं, त्याचा आकडा 165 हॉर्सपॉवर. पोलारिसच्या आरएमके या डोंगरी मॉडेलमध्ये पॅट्रियट 850 असतं, पोलारिसवाले हॉर्सपॉवरचा आकडा सहसा छापत नाहीत पण चालवताना दोघांत फार फरक कळत नाही, मी दोन्ही एकाच दिवशी एकाच चढावर चालवल्यात म्हणून सांगतोय. फरक पडतो तो उंचीने. साधा हिशोब असा, की दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, कारण हवा विरळ होते आणि इंजिनाला श्वास पुरत नाही. रेव्हलस्टोकच्या वरच्या डोंगरात तुम्ही 7 हजार फुटांच्या आसपास फिरणार, म्हणजे 165 मधले 130 च हाताशी राहतात. तुमच्या वजनाच्या माणसाला आणि तिसऱ्या सीझनला 130 पुष्कळ झाले, मनापासून सांगतो.

आता वजन, आणि इथे जरा थांबा. कॅटलॉगमध्ये जो आकडा असतो तो कोरडा असतो, म्हणजे पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही. डोंगरातल्या स्लेडचं असं कोरडं वजन ट्रॅकच्या लांबीप्रमाणे साधारण 185 ते 215 किलोत येतं, त्यात चाळीसेक लिटर पेट्रोल भरलं की तीस किलो तिथेच वाढले, वर ऑइल, कूलंट, मागे बांधलेली बॅग, आणि दुपारपर्यंत सस्पेन्शनमध्ये आणि टनेलखाली (ट्रॅकवरच्या धातूच्या छताखाली) गच्च बसलेला बर्फ. म्हणून कॅटलॉगमधल्या तीन-चार किलोंवरून जी भांडणं चालतात त्यात पडू नका. पोलारिस हलकी लागते हे खरं आहे, ते बऱ्याच वर्षांपासून खरं आहे, त्यांनी चेनकेस (ट्रॅकला ताकद पोचवणारी साखळीची पेटी) काढून बेल्टवर चालणारा क्विकड्राइव्ह आणला त्यातही वजन वाचलं, पण वजनापेक्षा ते वजन कुठे बसवलंय हे जास्त जाणवतं. पोलारिस एका बाजूला झुकवली की झुकलेली राहते, तुम्ही सांगाल तिथे जाते. समिटच्या मागच्या सस्पेन्शनला टीमोशन म्हणतात, तेही स्लेड सहज कलावी म्हणूनच केलेलं आहे, शिवाय तिचा ट्रॅक 16 इंच रुंद, पोलारिसचा 15, त्यामुळे एकदम भुसभुशीत खोल बर्फात समिट वर तरंगते आणि झाडांमधून आडवं कापत जायचं असेल तर मला पोलारिस जास्त आवडते. हे माझं मत, दुसरा कोणी उलटं सांगेल.

ट्रॅकची लांबी मात्र तुम्ही चुकवू नका. दुकानदार 165 इंची दाखवतील, चढायला सोपी म्हणतील, आणि चढतेच ती, पण 68 किलोच्या माणसाला झाडांत वळवताना जीव नकोसा होतो. 154 किंवा 155 घ्या.

टिकाऊपणाबद्दल लोक देवाधर्मासारखं बोलतात. माझा अनुभव असा की आजची दोन्ही इंजिनं नीट ठेवली तर टिकतात, आणि नीट ठेवायचं म्हणजे काय तर सकाळी इंजिन गरम झाल्याशिवाय थ्रॉटल पिळायचं नाही, आणि पार्किंगपासून वर जाणाऱ्या कडक, दाबलेल्या रस्त्यावर आईस स्क्रॅचर खाली सोडायचे. स्क्रॅचर म्हणजे बर्फ खरवडणारी तारेची बोटं, ती बर्फाचा चुरा उडवून कूलरवर टाकतात, कारण या गाड्यांना रेडिएटर नाही, बर्फच त्यांना थंड ठेवतो. नवीन लोक हे विसरतात, वीस किलोमीटर कडक रस्त्यावर इंजिन तापवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. रिकॉल मात्र बघत जा, ते सगळ्याच कंपन्यांचे निघतात. डिसेंबर 2022 मध्ये पोलारिसने 2021 ते 2023 मॉडेलच्या, मॅट्रिक्स नावाच्या सांगाड्यावरच्या स्लेड चालवूच नका असं जाहीर केलं होतं, पेट्रोलच्या टाकीत आग लागायचा धोका होता, नंतर त्यावर दुरुस्ती आली. तेव्हाची स्लेड कोणी स्वस्तात देत असेल तर चेसिस नंबर देऊन ते काम झालंय का हे डीलरकडून लेखी घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या घरापासून तासाभरात कुठल्या कंपनीचा चांगला डीलर आहे? माझी एक स्लेड फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका साध्या सेन्सरसाठी बंद पडली आणि दुकानाने तीन आठवडे ठेवून घेतली, रोज फोन केला की पार्ट येतोय म्हणायचे, तेवढ्या तीन आठवड्यांत त्या वर्षीचा सगळ्यात चांगला बर्फ पडून गेला. स्लेड चांगलीच होती. त्या दिवसापासून मी आधी वर्कशॉप बघतो आणि मग रंग. काउंटरवरच्या माणसाशी बोलू नका, मागे जाऊन मेकॅनिकशी बोला, गेल्या महिन्यात कुठले पार्ट अडकले ते विचारा, तो खरं सांगतो.

तुमच्यासाठी माझं उत्तर: टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेली 850, 154 नाहीतर 155 ट्रॅक, आणि दोघांपैकी ज्याचा मेकॅनिक तुम्हाला पटेल ती.

प्रश्न : डेन्व्हरला असतो. आमच्याकडे रॅबिट इअर्स पास आणि त्याच्याही वर जातो आम्ही, 10-11 हजार फूट सहज. तुम्ही टर्बो नको म्हणता असं एका मित्राने सांगितलं. आमच्या उंचीलापण नको का?

उत्तर : तुमच्या उंचीला हवा, निःसंशय! वरचाच हिशोब करा, 11 हजार फुटांवर 165 चे 110 होतात, तिथे टर्बो म्हणजे चैन नाही, हरवलेली ताकद परत आणायचं साधन आहे. स्की-डूने कंपनीतून बसवलेला टर्बो टू-स्ट्रोकवर पहिल्यांदा 2020 च्या मॉडेलला दिला, तो 165 हॉर्सपॉवर 8 हजार फुटांपर्यंत टिकवायचा, पुढे टर्बो आर आला तो 180 चा. पोलारिसचा पॅट्रियट बूस्ट त्यानंतर आला आणि कंपनीचा दावा असा की समुद्रसपाटीला साध्या 850 पेक्षा दहा टक्के जास्त आणि 10 हजार फुटांवर पन्नास टक्के जास्त. त्या दोन आकड्यांतच तुमचं उत्तर आहे बघा, खाली फरक थोडा आणि वर प्रचंड.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेट्रोल 91 ऑक्टेनचंच भरा, डोंगराच्या पायथ्याच्या छोट्या पंपावर कधीकधी ते नसतं, म्हणून घरून निघतानाच भरून न्या. दुसरं म्हणजे ड्राइव्ह बेल्ट, इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा रबरी पट्टा. ताकद वाढली की बेल्टवरचा ताण वाढतो, खोल बर्फात रुतलेली स्लेड थ्रॉटल पिळून काढायचा प्रयत्न केला की आधी जळक्या रबराचा वास येतो, मग फाट्कन आवाज आणि आतमध्ये सगळीकडे दोऱ्यांचा चिवडा. त्या दोऱ्या क्लचमधून एक एक करून ओढून काढाव्या लागतात, एक जरी राहिली तरी नवीन बेल्ट पण खाते. मी हे उणे अठरामध्ये हातमोजे काढून केलेलं आहे, दोन मिनिटं काम आणि पाच मिनिटं हात काखेत. स्पेअर बेल्ट एक नाही, दोन ठेवा, आणि बदलायची सवय गॅरेजमध्ये करून घ्या. आणि रुतली की पिळू नका, उतरा, पुढचा बर्फ पायाने तुडवा, स्की मोकळ्या करा, मित्राला पुढून ओढायला लावा.

पोलारिसचं 9आर म्हणून बिनटर्बोचं मोठं इंजिन आहे, 900 सीसीच्या जवळपास, ते फार गोड आहे, हलकं आणि थ्रॉटल लावलं की लगेच झेप घेणारं. पण 11 हजार फुटांना मी तरी टर्बोच घेईन.

प्रश्न : एडमंटनमध्ये एकजण आर्क्टिक कॅटची अल्फा वन विकतोय, भाव फारच चांगला आहे. कंपनी बंद पडली म्हणतात, घेऊ का? आणि यामाहा का कोणी सुचवत नाही?

उत्तर : कॅटबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण जुनं नाव आहे. एडगर हेटीन हा माणूस 1954 मध्ये पोलारिस सुरू करणाऱ्यांतला आणि पुढे त्यानेच आर्क्टिक कॅट उभी केली, दोन्ही मिनेसोटातल्याच छोट्या गावांत. 2017 ला टेक्स्ट्रॉनने ती विकत घेतली, 2024 च्या अखेरीस उत्पादन थांबवायचं जाहीर झालं आणि 2025 मध्ये ती पुन्हा नव्या मालकांकडे गेली. म्हणजे बंद पडली असं नाही, पण मधल्या काळात अनेक डीलर धास्तावले हे खरं.

अल्फा वन हे मशीन म्हणून सुंदर आहे, मागे ट्रॅक ज्यांच्यावर फिरतो त्या दोन रेलऐवजी एकच रेल, त्यामुळे ट्रॅक डावी-उजवीकडे वाकतो आणि उतारावर आडवं जाताना इतक्या कमी जोरात झुकते की खांदे दुखत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका पन्नाशीच्या ताई तीच चालवतात आणि पोरांच्या पुढे असतात. घ्या, पण आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर परत फिरा. टनेल वाकलाय का, ट्रॅकचे दात तुटलेत का, क्लच उघडून आत काय दिसतं ते बघा. स्लेड थंड असताना जा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर तेही मला आवडत नाही. आणि जवळच्या डीलरकडे कॅटचे पार्ट अजून मिळतात का हे पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

यामाहाने 2023 मध्येच सांगून टाकलं की स्नोमोबाईलचा धंदा बंद करतोय, उत्तर अमेरिकेत 2025 चं मॉडेल शेवटचं. त्यांची फोर-स्ट्रोक इंजिनं टिकायला जबरदस्त, पण वजनाला जड, ट्रेलवर, म्हणजे दाबून तयार केलेल्या वाटांवर, राज्य करायची आणि खोल बर्फात बुडायची. डोंगरासाठी नको.

प्रश्न : मी ठाण्याहून लिहितेय. माझा धाकटा भाऊ व्हँकुव्हरला आहे, त्याने नवीन टर्बो घेतलीय आणि फोटो पाठवतो, आईला झोप लागत नाही. सुरक्षित कंपनी कुठली असते का हो?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सुरक्षित कंपनी अशी नसते. जिवाला धोका मशीनपेक्षा हिमस्खलनाचा असतो, आणि ताकदवान स्लेड माणसाला अशा उतारांवर पोचवते जिथे पूर्वी कोणी पोचतच नव्हतं. 29 जानेवारी 2016 ला ब्रिटिश कोलंबियात मॅकब्राइडजवळ एकाच स्खलनात पाच स्लेडवाले गेले. त्यांच्यातल्या कोणी कुठली कंपनी चालवत होतं हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही.

भावाला तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर आईला सांगून त्याला धारेवर धरा. एक, हिमस्खलनाचा पहिल्या पातळीचा कोर्स केलाय का, वीकेंडला होतो. दोन, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं तिन्ही रोज असतं का, आणि ट्रान्सीव्हर अंगावर असतो की बॅगेत? अंगावरच हवा, कारण स्लेड आणि बॅग दोन्ही माणसापासून सुटून जातात. फोन त्याच्यापासून लांब ठेवायचा, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते. तीन, त्याच्याबरोबर जाणाऱ्यांनी शोधायची प्रॅक्टिस केलीय का, कारण गाडलं गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच खरी आशा असते, बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, वाचवणारे म्हणजे बरोबरचे मित्रच. आम्ही नोव्हेंबरमध्ये घरामागच्या मैदानात ट्रान्सीव्हर गोणपाटात गुंडाळून पुरतो आणि घड्याळ लावून शोधतो, पहिल्या वर्षी मला अकरा मिनिटं लागली होती, आता तीनच्या आत सापडतो. आणि एका उतारावर एका वेळी एकच स्लेड, कोणी रुतला तर दुसऱ्याने त्याच्या शेजारी चढून जायचं नाही. अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज रोज येतो, निघायच्या आदल्या रात्री तो तुम्हाला पाठवायला सांगा त्याला. तुम्ही ठाण्यात बसून वाचलात तरी त्याला तो उघडावा लागेल, एवढं तरी होईल.

प्रश्न : आम्ही नाशिकचे आठजण जानेवारीत गुलमर्गला जातोय, तिथे स्नो स्कूटरवर बसायचंय. कुठल्या कंपनीची बघून बसावं? बरोबर सासरे आहेत, वय 67.

उत्तर : तिथे वर जे लिहिलं त्यातलं काही लागू होत नाही. तिथल्या बऱ्याच स्लेड लोकांना फिरवायच्या, जड आणि संथ असतात आणि चालवणारा तिथलाच असतो, तुम्ही मागे बसता. कंपनी बघू नका. हेल्मेट मागा, नसेल तर दुसऱ्याकडे जा. स्कार्फ आणि ओढणी जॅकेटच्या आत खोचा, मागे ट्रॅक फिरत असतो. सासऱ्यांना पहिल्या दिवशी बसवू नका, गुलमर्गच 2,650 मीटरवर आहे, एक रात्र राहू दे, गरम पाणी पीत राहू दे, दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक वाटलं तर न्या आणि चालवणाऱ्याला निघायच्या आधीच सांगा की काकांना घेऊन हळू जायचंय.