फाइल डिस्कवर प्रत्यक्ष किती जागा व्यापते, हे कोडमधून कसे काढावे?

आपण विचारले आहे की, प्रोग्राममध्ये फाइलचा आकार ५,००० बाइट मिळतो, प्रॉपर्टीजच्या खिडकीत मात्र ‘साइझ ऑन डिस्क’पुढे ८,१९२ दिसतात, तर हा दुसरा आकडा कोडमधून कसा मिळवावा, आणि आकार ४,०९६च्या पुढच्या पटीपर्यंत वाढवून घेतला तर चालेल का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण याच वाटेने मीही एकदा चुकलो आहे. हिशेब सुचतो सहज: फाइल सिस्टीम जागा ठरावीक मापाच्या ब्लॉकमध्ये देते, ५,००० बाइटना ४,०९६चे दोन ब्लॉक लागतात, म्हणून ८,१९२. परंतु ब्लॉकचे माप प्रत्येक डिस्कवर तेच असेल असे नाही, आणि ते बरोबर धरले तरी कॉम्प्रेस केलेल्या किंवा मध्ये पोकळ्या असलेल्या म्हणजे स्पार्स फाइलच्या बाबतीत हा हिशेब पार कोलमडतो. बॅकअपला किती जागा लागेल याचा अंदाज देणारे एक साधन मी याच गृहीतकावर लिहिले होते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-फाइली समोर आल्या तेव्हा त्याने डिस्कच्या एकूण क्षमतेपेक्षाही मोठा आकडा दाखवला. तेव्हापासून मी जागेचा हिशेब स्वतः मांडत नाही, फाइल सिस्टीमलाच विचारतो.

लिनक्सवर हे अगदी सोपे आहे. स्टॅट या सिस्टीम कॉलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमला केलेल्या विचारणेच्या) उत्तरात एसटी_साइझ हा फाइलचा तार्किक आकार, म्हणजे मजकुराची लांबी, असतो, तर एसटी_ब्लॉक्स ही तिला दिलेल्या ब्लॉकची संख्या; तिला ५१२ने गुणले की हवा तो आकडा मिळतो. पायथॉनमध्ये ओएस मॉड्यूलचे स्टॅट फंक्शन हीच दोन मूल्ये देते. गफलत होते ती एसटी_बीएलकेसाइझ या शेजारच्या मूल्यामुळे: नाव पाहून पुष्कळ जण त्यानेच गुणतात, पण ते वाचन-लेखनासाठी सोयीचे माप आहे, आणि एसटी_ब्लॉक्सची गणना लिनक्सवर फाइल सिस्टीम कोणतीही असली तरी ५१२ बाइटच्या एककातच होते.

हे हाताने करून पाहावे. ४,०९६ बाइटचे ब्लॉक असलेल्या ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टीम) डिस्कवर नवी फाइल उघडा, १,०७,३७,४१,८२३ या स्थानावर जा आणि तेथे एकच बाइट लिहून फाइल बंद करा. एसटी_साइझ पूर्ण एक गिगाबाइट सांगेल आणि एसटी_ब्लॉक्स मात्र ८, म्हणजे फक्त ४,०९६ बाइट. ईएक्सटी४ डिस्कवरची जागा प्रत्यक्ष लिहिण्याच्या वेळीच ठरवते. म्हणून चाचणीत मोजण्यापूर्वी एफसिंक करावे, म्हणजे लिहिलेले लगेच डिस्कवर पाठवावे.

विंडोजवर वाट थोडी वाकडी आहे. पायथॉनच्या स्टॅटमध्ये तेथे एसटी_ब्लॉक्स मिळतच नाही. गेटकॉम्प्रेस्डफाइलसाइझ हे फंक्शन सर्वत्र सुचवले जाते आणि कॉम्प्रेस केलेल्या वा स्पार्स फाइलसाठी ते खरोखर व्यापलेली जागा देते. साध्या फाइलसाठी मात्र ते तार्किक आकारच परत करते, म्हणजे आपल्या फाइलला पुन्हा ५,०००च. मग गेटडिस्कफ्रीस्पेसकडून सेक्टरचे (डिस्कच्या सर्वांत लहान भागाचे) बाइट आणि क्लस्टरमधील (विंडोजच्या ब्लॉकमधील) सेक्टर घेऊन, त्यांच्या गुणाकाराच्या पुढच्या पटीपर्यंत आकडा वाढवावा लागतो. मला त्यापेक्षा सरळ वाटते ते गेटफाइलइन्फर्मेशनबायहँडलईएक्स: फाइलचे हँडल (उघडलेल्या फाइलची खूण) देऊन फाइलस्टँडर्डइन्फो मागितले की अ‍ॅलोकेशनसाइझ आणि एंडऑफफाइल ही दोन्ही मूल्ये, म्हणजे व्यापलेली जागा आणि तार्किक आकार, एकाच वेळी हाती येतात. अगदी लहान फाइलचा मजकूर एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीम मास्टर फाइल टेबल या फाइलींच्या यादीतील तिच्या नोंदीतच ठेवू शकते. अशा फाइलला वेगळा क्लस्टर दिलेलाच नसतो, त्यामुळे क्लस्टरपेक्षा लहान आकडा दिसला तर तो दोष समजू नये.

संपूर्ण फोल्डरची बेरीज करायची असेल तर हार्ड लिंकची काळजी घ्यावी. एकच मजकूर दोन नावांनी नोंदलेला असेल तर जागा एकदाच खर्च होते. म्हणून एसटी_नलिंक (नावांची संख्या) एकापेक्षा जास्त असेल तेव्हा एसटी_डेव्ह (डिस्कचा क्रमांक) आणि एसटी_आयनो (फाइलचा क्रमांक) यांची जोडी संचात ठेवून पुन्हा आलेली जोडी वगळावी. सिम्बॉलिक लिंकसाठी (दुसऱ्या फाइलकडे फक्त बोट दाखवणाऱ्या नोंदीसाठी) स्टॅटऐवजी एलस्टॅट वापरावे, नाहीतर लिंकऐवजी तिने दाखवलेली फाइल मोजली जाते. आपला आकडा लिनक्सच्या डीयू या आज्ञेशी ताडून पाहता येईल, कारण तीही याच ब्लॉकची बेरीज करते.

बीटीआरएफएस (लिनक्स) किंवा एपीएफएस (अ‍ॅपल) या फाइल सिस्टीमवर क्लोन केलेल्या फाइली मात्र या उपायातूनही निसटतात: दोन फाइली तेच ब्लॉक वाटून घेत असल्या तरी प्रत्येकीच्या नावावर ते पूर्ण मोजले जातात. तेथे हा आकडा ‘फाइलने व्यापलेली जागा’ म्हणून दाखवण्यास हरकत नाही, पण ‘फाइल पुसल्यावर मोकळी होणारी जागा’ म्हणून वापरकर्त्याला दाखवू नका.